मंगळावरची कालवं

थळच्या घरी बसून मी मंगळावरचे दगड बघतो. पगार त्याचाच मिळतो. तिथे एक यंत्रगाडी फिरते, फोटो पाठवते आणि आमची समिती ते बघून गंभीर होते. समितीत 'भोकं' म्हणायची सोय नाही. 'पृष्ठभागीय पोकळ्या' म्हणावं लागतं.

त्या आठवड्यात एका दगडावर माझा जीव जडला. अंगभर खळगे, प्रत्येक खळग्याला उचललेली कड. असला पोत आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. पण गाडी दुसऱ्या दिवशी पुढे निघणार होती, आणि ती मागे वळत नाही. संध्याकाळच्या बैठकीपर्यंत गाडी थांबवायचं कारण सापडलं नाही, तर दगड कायमचा गेला.

दुपारी मावशी आली. कोळीवाड्यातली, ओहोटीला खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, फोडून काढते, उरलेल्या वेळात मला बोंबील विकते. ओटीवर टोपली उतरवून तिने लॅपटॉपमध्ये डोकावलं.

"यो कुठला खडक?"

"मंगळावरचा."

"कालवं काढलीत याची."

"मावशी, तिथे समुद्र नाही."

"न्हाय कसा? कालव उपटला की अशीच वाटी ऱ्हाते. आनि फोटू उन्हातल्या अंगाचा काढलाय! उन्हाकडं काय मिलतंय? सावलीकडं बघावं, खालच्या अंगाला. यवरा शिकलास, कोनी सांगला न्हाय?"

कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी बैठकीत म्हणालो, "छायेकडील निम्न पृष्ठभागाचं निरीक्षण झाल्याशिवाय पोताच्या उत्पत्तीविषयी बोलणं घाईचं ठरेल." मग प्रमुखांनी सूचना 'अत्यंत मौलिक' असल्याचं जाहीर केलं आणि दगडाला एक दिवस मिळाला. मावशीचं नाव मी काढलं नाही. काढलं असतं तर तिची पदवी विचारण्यात तो दिवस गेला असता.

सावलीकडचे फोटो आले. तिथे खळग्यांची खच्चून दाटी होती, आणि काहींत वाटाण्याएवढे गोल खडे अजून बसलेले. गाडीचा मुक्काम वाढला. माझं अभिनंदन झालं.

पुढच्या खेपेला मी मावशीला ते फोटो दाखवले. तिने डोळे बारीक करून पाहिले.

"कालवं हायेत?"

"नाहीत. एकही नाही."

"मंग?" तिने टोपली डोक्यावर चढवली. "तुमची गाडी उशिरा पोचली. बाया ओहोटीलाच काढून गेल्या."

समितीचं स्पष्टीकरण अजून यायचं आहे. तूर्त हे एकच उपलब्ध आहे.