देवकाबाईचं महादेवाशी भांडण

देवकाबाईची भक्ती गावाला पटायची नाही. उपास तिला झेपत नसत, स्तोत्र एकही येत नसे. जवळच्या नागरा गावच्या महादेवाशी ती सरळ गप्पा मारायची, त्याही एकेरीत. भात शिजवताना, गोठा झाडताना, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरताना हिचं आपलं चालूच. लोक हसत. पण रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तिच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. ती महादेवाच्या गाण्याची ओळ काढायची, चिखलात वाकलेल्या बाया तीच ओळ उचलून परत म्हणायच्या आणि त्या ठेक्यावर रोपं भराभर लागायची.

एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या तापात तिचा एकुलता एक मनिराम गेला. चांगला तरणाताठा पोरगा. त्या दिवसापासून देवकाबाईने महादेवाशी बोलणं टाकलं. दिवा लावायची, पण तोंड फिरवून. पोर तर गेलंच होतं. ज्याच्यापाशी रडायचं तोही उरला नाही, हे तिला जास्त जाळत होतं.

पुढच्या आषाढात उदाराम पाटलाच्या बांधीत रोवणा लागला. गाणं नाही, म्हणून कुणाचे हात चालेनात. शेजारची गीताबाई म्हणाली, "देवका, काढ ना वं एखांदं."

देवकाबाईने रोपांची नवी जुडी उचलली. मग तिने गाणं काढलं. चाल जुनीच, शब्द मात्र भलतेच, थेट 'का रे' म्हणून जाब विचारणारे: "काऊन रे महादेवा, कुठं नेला माया पोरगा? तुले डोये नाही का रे, आंधळ्या?"

बायांना सवयच अशी, की कानावर पडलेली ओळ विचार न करता उचलायची. साऱ्या बांधीने एका सुरात देवाला आंधळा म्हटलं! मग कुणी जीभ चावली, कुणी चिखलाच्याच हातांनी कान धरले. गीताबाईने मात्र ओळ पुन्हा म्हटली, मोठ्याने. तिचीही लेक त्याच तापात गेली होती. हळूहळू बाकीच्याही म्हणू लागल्या. आपलं रडणं इतक्या तोंडांतून ऐकून देवकाबाईच्या डोळ्यांना धार लागली.

पाटील धुऱ्याच्या बांधावरून ओरडत आला, "अवं देवका, काय बोलून राहिली? देव कोपन ना!"

"कोपू दे, पाटील," हातातली रोपं तशीच धरून ती म्हणाली. "सालभर मी त्याच्याशी बोलली नाही, त त्यानं काऊन म्हनून इचारलं नाही. कोपला त बोलन तरी!"