गव्हर्नरांचं उत्तर

ज्यांचं नावही मी विचारलं नाही, त्यांच्याविषयी लिहायला धजावते आहे, याबद्दल आधी माफी मागते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लिहिण्याचा सराव नाही.

२००९ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या अभिलेखागारात मी पार्टटाइम काम करायचे. ते म्हातारे गृहस्थ रोज दार उघडताच येत आणि प्रांताच्या गव्हर्नरांनी शंभर वर्षांपूर्वी पाठवलेल्या पत्रांच्या नकलांच्या वह्या वाचत. कागद इतका पातळ, की प्रत्येक पानाखाली ते पांढरं कार्ड सरकवत. त्यांच्या आजीची थोरली मुलगी सरकारी अनाथाश्रमात नेली होती. ती परत मिळावी म्हणून आजीने गव्हर्नरांना अर्ज केला होता. उत्तर आलंच नाही, असं ती मरेपर्यंत सांगायची. पत्रं ज्यांना गेली त्यांच्या सूचीत आजीचं नाव नव्हतं, म्हणून हे गृहस्थ पान न् पान वाचत होते.

"सर, अजून किती वह्या?"

"अकरा. गव्हर्नरसाहेबांना दुसरा उद्योग नव्हता! नकार असला तरी चालेल, पण वाचल्याशिवाय मी हलणार नाही."

"आजींना लिहिता यायचं?"

"छे! अर्ज पाद्रीबाबांनी लिहिला. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली."

मी चाचरत म्हटलं, "आमच्या गावी आईचे अर्ज मास्तर लिहायचे. उत्तरही मास्तरांच्याच नावाने यायचं."

त्यांनी हातातली वही मिटली. मग सूचीत त्यांनी पाद्रीबाबांचं नाव शोधलं. ते होतं. पानाखाली कार्ड सरकवून त्यांनी हळू आवाजात वाचलं, "अर्ज मंजूर. आईने स्वतः येऊन मुलीला घेऊन जावे."