सरांच्या पायांवरून हात उठेना

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या नणंदेच्या अंगात येतं ना, तेसुद्धा पाहुणे जेवून उठले आणि भांडी घासायची वेळ झाली की येतं — हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. वणीला गडावर दरवर्षी जाते, पण दर्शन घेते आणि परत येते. त्यात माझं काम मोजमापाचं. सातपूरच्या एका मशीन शॉपमध्ये चौदा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. लोखंडी बुश, म्हणजे जाड नळीचा तुकडा, समोर येतो, त्याच्या भोकात मापाचं गेज घालायचं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर ओके, नाहीतर रिजेक्ट. अधलंमधलं काही नसतं. त्यामुळे हे लिहू की नको, यातच दोन वर्षं गेली.

झालं असं की मी पास केलेला एक लॉट कस्टमरकडून परत आला. कोणी ओरडलं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "वैशालीताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं! दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक पीस दोनदा तपासायला लागले. मग चारदा. ओके म्हणून ट्रेमध्ये टाकलेला पीस पुन्हा बाहेर काढायचा, पुन्हा गेज घालायचं... गाडी भरायला उभी आणि माझं टेबल अडलेलं. घरीही तेच. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला तीन मजले परत वर. कंपनीच्या गेटशी स्कूटर लावली की छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, म्हणाले हृदय उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका. जसं काही मी ते मागवून घेत होते!

शेवटी साहेबांनी सांगितलं, महिनाभर बघू, नाहीतर पॅकिंगला जावं लागेल. पॅकिंगचं काम काही वाईट नाही. पण गेज माझ्या हातातून जाणार, या विचाराने मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पॅकिंगच्याच शोभाने मला खैरनार सरांकडे नेलं. सर मूळचे सटाण्याकडचे. उभा जन्म मुलांना लेथ मशीनवरचं टर्नरचं काम शिकवण्यात गेला, आणि रिटायर झाल्यावर संमोहनाचं रीतसर शिक्षण घेतलेलं. रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर दहा-बारा माणसं. मी नाक मुरडूनच गेले होते. म्हटलं आता उदबत्ती, लोलक, मोठे डोळे... तर हाफ शर्टातला एक बारीकसा माणूस पहिलंच वाक्य बोलला, "ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या बंद करायच्या नाहीत. मी डॉक्टर नाही." तिथेच मला माणूस आवडला.

"लेथ बंद केल्या केल्या त्याचा गरगरणारा चक थांबतो का?" ते म्हणाले. "फिरत फिरत थांबतो. हाताने धरायला गेलात तर हात जाईल. मनाचंही तसंच. नुसता स्विच बंद करू, थांबेल तेव्हा थांबेल."

मग पायाच्या बोटांपासून सुरुवात. बोटं सैल, पोटऱ्या सैल, खांदे, जबडा... मला वाटलं होतं शुद्ध हरपेल. तसं काही नाही. रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येत होता, आत सरांच्या बायकोच्या, काकूंच्या, कुकरची शिट्टी ऐकू येत होती, फक्त त्या कशाशीच आपला संबंध नव्हता. चौथ्या रविवारी सरांनी मला एकटीला बसवलं. डोळे मिटलेले असताना ते म्हणाले, "ताई, तुमचा उजवा हात आता जड झालाय. पिसावर ठेवलाय. तपासणी झाली, की तो आपोआप हलका होईल आणि वर उठेल. हात उठला, म्हणजे विषय संपला. पुन्हा बघायचं नाही."

आणि खरं सांगते, हात उठला! मी उचलला नाही. पाण्यात दाबून धरलेला चेंडू सोडल्यावर यावा तसा वर आला.

सोमवारी टेबलावरही तसंच. गेज घातलं, काढलं, पिसावर हात ठेवला — उठला. पुढचा पीस. तीन आठवड्यांत मी जुन्या स्पीडवर आले. गॅसच्या बटणावरही हात ठेवायचा, उठला की निघायचं. गेज माझ्याकडेच राहिलं. मी त्या माणसाला मनोमन किती मानायला लागले, हे शब्दांत येणार नाही.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे.

एके दिवशी एका बुशवरून हात उठेना. गेज दोन्ही टोकांनी बरोबर, आणि हात मात्र जडच्या जड. सुपरवायझर हसला, "ताई, पुन्हा सुरू झालं का?" तरी मी हट्टाने लाल औषध लावून बघायला लावलं. ते लावून पुसलं की भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. कडेला केसाएवढी रेघ उमटली!

मी सरांना धावत सांगितलं, तर ते शांत. "चौदा वर्षांचा हात आहे. बोटांना कळलं, तुम्हाला कळायच्या आधी. यात चमत्कार नाही." मलाही पटलं.

मग माझा शेवटचा रविवार आला. सर म्हणाले, आता तुम्हाला माझी गरज नाही. मी नमस्काराला वाकले, त्यांच्या पायांवर हात ठेवले. डावा उचलला. उजवा उठेना.

सर वरून आशीर्वाद देत होते. मी कसाबसा हात ओढून घेतला, चपला घातल्या, खाली येऊन हेल्मेटसुद्धा घातलं. काय सांगणार? ज्या माणसाने पाच महिने शिकवलं की मनात आलेली शंका म्हणजे पुरावा नव्हे, त्यालाच जाऊन शंका सांगायची? आणि नाही सांगितली, आणि काही झालं तर?... हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून मी वर गेले.

सर ऐकून हसले. "ताई, जुना पाहुणा आलाय परत."

"सर, जुना पाहुणा छातीत येतो," मी म्हटलं. "छाती अगदी शांत आहे. हे हातात आलंय."

सर हसायचे थांबले. काकू ओट्यापासून म्हणाल्या, "तपासून या की. हिच्या समाधानासाठी जा." सरांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ हात मीच शिकाडेल शे." हा हात मीच शिकवलाय, आता मीच त्याचं ऐकलं नाही तर कोण ऐकणार, असं म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलंच नाही. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली. दुखणं नाही, दम लागणं नाही, काही नाही. दोन दिवसांत त्यांची अँजिओप्लास्टी झाली.

आमचे हे म्हणतात, पाय गार लागले असतील. नव्हते. मी सरांनाच विचारलं. म्हणाले, "लोखंडाचं मी सांगू शकतो. माझं नाही सांगता येत." आणि मला सिद्धी-बिद्धी प्राप्त झाली असं कोणी समजू नये. गेल्या वर्षी माझे सासरे गेले. त्याच सकाळी मी त्यांच्या पाया पडले होते, आणि हात सहज उठला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. का तिथे नाही आणि का इथे, मला माहीत नाही. सरांनाही माहीत नाही.

बरे झाल्यावर सरांचा पहिला रविवार होता. सगळी जुनी माणसं आली होती. सर खुर्चीत बसले, दोन्ही पाय पुढे केले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "या मॅडम, फायनल इन्स्पेक्शन."

सगळे हसले. मी वाकले. छाती धडधडत होती, जुना पाहुणा हजर होता. पण हात ठेवला आणि तो हलका होऊन वर आला.

सरांनी विचारलं, "पुन्हा एकदा बघायचं?"

"नको सर," मी म्हटलं. "एकदा बघितलं."