दोन मंडळांचं एक नाटक: बेंगळुरूची तीन दिवसांची फेरी

कॉलेजात रेस्टोरेशन काळातलं नाटक शिकवताना एक प्रकरण मी दरवर्षी झटपट उरकते. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दोन नाटक कंपन्या एकमेकींच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. दोघींना पुरेल एवढा प्रेक्षक उरला नाही, तेव्हा त्या एक झाल्या. पुढचा धडा. त्यामुळे बेंगळुरूहून मावशीचा फोन आला, "अगं, आमचं मंडळ आणि ते एचएसआरवाले एक झाले, शनिवारी पहिलं नाटक," तेव्हा मी लगेच रजा टाकली. यात मावशीच्या प्रेमापेक्षा कुतूहल जास्त होतं.

कोल्हापूरहून स्लीपर बस मिळते. बेळगावपर्यंत रस्त्याची कामं चालू आहेत, तेव्हा वरची बर्थ घेऊ नका. सकाळी यशवंतपूरला उतरलं की मेट्रो न बदलता बसवनगुडीजवळ जाता येतं. मावशीच्या घरी जाण्याआधी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे तिथल्या छोट्या हॉटेलात, उभ्यानेच खाली डोसा आणि कॉफी घेतली. खाली म्हणजे रिकामा, आत भाजी नसलेला. लोण्याचा हात मात्र सढळ.

मावशी बसवनगुडीच्या जुन्या मंडळाची नायिका, आता आईच्या भूमिका करते. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले काका त्याच मंडळाचे प्रॉम्प्टर. लग्नापासून ती रंगमंचावर आणि हे विंगेत, हातात संहिता घेऊन. एचएसआर या नव्या वस्तीतल्या आयटीवाल्या मुलांकडे प्रॉम्प्टर हा प्रकारच नाही. एकत्र येताना दोन्हीकडचे नट राहिले, दोन्हीकडचे पडदे राहिले, दोन नटराजही शेजारी शेजारी बसले. काका उरले.

"मला पहिल्या रांगेत खुर्ची दिलीय," काका म्हणाले. "मानाची."

शुक्रवारी मावशीबरोबर एचएसआरला तालमीला गेले. काका आले नाहीत. रिक्षावाला सिल्क बोर्डच्या चौकात "स्वल्प जाम, अक्का" म्हणाला आणि आम्ही तिथेच म्हातारे होतो की काय असं वाटायला लागलं. दुपारनंतर या रस्त्याला जाऊ नका.

नाटकात शेवटी मुलगा आईला विचारतो, "येतेस ना आमच्याबरोबर?" मावशीला दिग्दर्शिका केतकी म्हणाली, "इथे लगेच नाही बोलायचं. पॉज घ्या. मी लाइट डिम करेपर्यंत थांबा, मग वाक्य."

"एवढा वेळ गप्प? लोकांना वाटेल विसरले."

"वाटू दे ना. तेच तर हवंय."

परतताना मावशी मला म्हणाली, "ह्यांना सांगू नको हं. रंगमंचावरच बघू देत." ती खूश होती आणि घाबरलेलीही. विंगेत कुणी नसताना ती पहिल्यांदाच उभी राहणार होती.

शनिवारी हॉल भरला. बसवनगुडीची मंडळी डावीकडे, एचएसआरची उजवीकडे, मधल्या वाटेने आखून दिल्यासारखी. मी काकांच्या शेजारी होते. नाटकभर त्यांचे ओठ हलत होते. मावशी एकदाही अडली नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि काकांकडे बघवेना.

मग मुलाने विचारलं, "येतेस ना आमच्याबरोबर?"

मावशी थांबली. दिवे हळूहळू उतरू लागले. काकांनी खुर्चीचा हात पकडला. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवेपर्यंत उशीर झाला होता.

"मी इथेच बरी आहे!" काका म्हणाले. विंगेतून म्हणायचे तसं, दबक्या पण खणखणीत आवाजात.

उजवीकडून हसण्याची लाट आली. डावीकडचे लोक माना खाली घालून बसले. मावशीने काकांकडे पाहिलं नाही. हसू विरल्यावर तिने तेच वाक्य शांतपणे म्हटलं आणि पडदा पडला.

काका चपला घालून बाहेर फुटपाथवर उभे राहिले. केतकी आली ती तणतणतच, पण त्यांचा चेहरा बघून जरा नरमली. "काका, तो पॉज होता."

"सरी," काका कानडीत 'बरं' म्हणाले. "मला वाटलं, अडली."

 रविवारी मावशीने बिसीबेळे भात केला, काका मला बसपर्यंत सोडायला आले.

घरी परतल्यावर वर्गात ते प्रकरण पुन्हा शिकवलं. लंडनमध्ये कंपन्या एक झाल्यावर नवी नाटकं कमी झाली, कारण दोघींच्या जुन्या साठ्यावर भागत होतं. विंगेतून उठवलेल्या माणसांबद्दल आमच्या पाठ्यपुस्तकात काही नाही.

महिन्याभराने मारतहळ्ळीत दुसरा प्रयोग झाला. काका गेले नाहीत. मावशीचा फोन आला.

"पॉज छान जमला गं. हॉल एकदम चिडीचूप. टाळ्या पडल्या."

"आणि काका?"

"घरी होते. मी आले आणि म्हटलं, ते वाक्य म्हणा एकदा."

"मग?"

"म्हटलं त्यांनी. मग जेवायला बसलो."