पहिल्या खेपेचा निकाल

विनायकराव उज्जैनच्या एका सरकारी दफ्तरात चौतीस वर्षं अर्ज तपासायला होते. अपुऱ्या कागदांचा अर्ज त्यांनी कधी पुढे सरकू दिला नाही, सख्ख्या मेहुण्याचासुद्धा. मेहुणा अजून नानाखेड्याहून येतो तेव्हा त्यांच्याकडे चहा घेत नाही, आणि विनायकरावांना याचा अभिमान आहे.

त्यांच्या मृण्मयीने परदेशी कॉलेजासाठीची सॅट परीक्षा दोनदा दिली होती. शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, हे घरात ठरलेलं. दुसऱ्या खेपेला शिष्यवृत्तीच्या रेघेला तिला तीस गुण कमी पडत होते. तेवढं चालवून घेतील, अशी तिची आशा.

"दुसराच निकाल पाठवते, बाबा."

"अन् पहिला?"

"सक्ती नाही. आपण निवडायचं. पहिल्यात इंग्रजीचं अगदीच पानिपत आहे."

"म्हणजे लपवायचं."

"निवडायचं."

"एकच बात."

प्रतिभाताई गिलकी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या लग्नाच्या बायोडाटात नुसतं बी.कॉम. होतं. कितव्या खेपेला, ते आमच्या बापूंनी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही."

"तसा रकाना नव्हता."

"हिलाही नाहीये."

विनायकरावांनी कॉलेजचे नियम छापून मागवले आणि ओळीखाली पट्टी धरून दोन तास वाचले. अकराव्या पानावर, जिथवर कुणी अर्जदार पोचत नाही, तिथे लिहिलं होतं : पाठवलेल्या सगळ्या निकालांतून प्रत्येक विषयाचे सर्वाधिक गुण धरले जातील.

मृण्मयीचं गणित पहिल्या खेपेलाच चांगलं होतं. तिने बेरीज केली. रेघ ओलांडून वर वीस गुण उरत होते.

"बाबा, दोन्ही पाठवायचे. तुमचंच खरं."

विनायकरावांना आनंद झाला नाही. "दोन गुणपत्रिकांचे चांगले तुकडे जोडून एक? आमच्याकडे असं कुणी आणलं असतं तर पोलीस बोलावले असते."

"मग नको पाठवू?"

त्यांनी अकराव्या पानावरच्या त्या ओळीखाली पुन्हा पट्टी धरली. "नियमात आहे," शेवटी म्हणाले. "पाठव."

एप्रिलमध्ये शिष्यवृत्तीचं पत्र आलं. विनायकराव देवास गेटवरून पेढे घेऊन आले आणि अख्ख्या कॉलनीत वाटत फिरले. "आम्ही काही लपवलं नाही," ते प्रत्येक दारात सांगत होते. "दोन्ही निकाल पाठवले."

पहिल्या खेपेला इंग्रजीत किती, हे कुणी विचारलं नाही. विनायकरावांनीही सांगितलं नाही.