सायलीचे खांदे

लॅचमध्ये माझी किल्ली फिरली की माझ्या मुलीचे, सायलीचे, खांदे वर जातात. हे मला गेल्या महिन्यात पहिल्यांदा दिसलं. तिच्या दहावीच्या वर्षी मी गणितावरून रोज ओरडत असे. आता ती नोकरी करते. मी तिची माफीही मागितली आहे. पण ती तिच्या कानांनी ऐकली, खांद्यांपर्यंत पोचलीच नाही.

शरीराच्या वाटेने मनावर उपचार करणाऱ्या एका बाईंकडे मी गेलो. त्या म्हणाल्या, "भीती आपल्याला विचारून येत नाही. श्वास, छाती, पोट आपापलं ठरवतात. समजावू नका. लांब श्वास सोडत नुसते तिच्या शेजारी बसा. शरीर निवांत झालं की कधीकधी पोटसुद्धा गुडगुडतं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी सोफ्यावर तिच्या शेजारी बसून श्वास सोडतो.

"बाबा, दम लागलाय का?"

"नाही गं, तुझं चालू दे."

"मग टायरमधली हवा गेल्यासारखा आवाज का करताय?"

काल मात्र तिच्या पोटातून स्पष्ट गुडगुड ऐकू आली. माझे डोळे भरून आले. "अगं, ऐकलंस का?" मी बायकोला ओरडून सांगितलं, "हिचं पोट वाजलं!"

"वाजणारच," स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "दुपारी डबा विसरली होती. ताटं घ्या."

गडबडीत माझ्या हातून ताट निसटलं आणि फरशीवर दणाणलं. माझे खांदे थेट कानांना लागले. सायली हसत होती. तिचे खांदे जागच्या जागी होते.