उजवीकडे पडलेला गुलाब

परवा शनिवारी दुपारी शाळेतून घरी आले, दार ढकललं... आणि टेबलावर गुलाब! खरा, ओला, लाल. ऐन वैशाखात, सोलापुरात, जिथं आजकाल माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं.

एका गुलाबाचं एवढं काय, असं वाटेल. सांगते.

माझी धाकटी बहीण लूसी चार वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका बंद मठात नन झाली. बंद म्हणजे अगदी बंद... आत गेलेली बाई पुन्हा बाहेर येत नाही. भेटायला गेलं तर मध्ये जाळी, आणि जाळीवर पडदा. आई गेल्यापासून तिची वेणी मी घालत आले होते. आता नुसता तिचा आवाज ऐकायला दोन दिवस रेल्वेत बसावं लागतं, आणि तोंड तर दिसतच नाही.

हे वेड तिला लावलं फ्रान्सच्या एका तरुण संतिणीने, जिला आत्ता आत्ता रोममध्ये संतपद दिलं. पोरगी पंधराव्या वर्षी मठात गेली आणि चोवीस वर्षांची असताना क्षयाने वारली. मोठं असं तिने काही केलं नाही. कपडे धुतले, शेजारी धुणाऱ्या ननने तोंडावर मळकं पाणी उडवलं तरी निमूट सोसलं, जमिनीवरची टाचणी उचलली तीही देवाच्या प्रेमाने. लूसी ही टाचणीची गोष्ट सारखी सांगायची. मी शाळेत शिवण शिकवते. घरी मशीनखाली टाचण्यांचा सडा असतो. मग मी तिलाच म्हणायची, उचल बाई प्रेमाने.

खरं सांगते, मला या संतिणीचा रागच होता. तिच्या सख्ख्या बहिणी त्याच मठात तिच्या जवळ होत्या. माझी मात्र एकटी गेली.

नाताळात लूसीचं पत्र आलं ते दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. ताप येतो, काळजी नको, एवढंच. पुढे ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, त्यात मठातून पत्रं येत नाहीत. पण ईस्टर होऊनही महिना गेला... काही नाही. लूसीला आता चोवीस पूर्ण झाली. मला दुसरं काही सुचेनासं झालं होतं.

टेबलामागच्या भिंतीवर लूसीने लावलेली त्या संतिणीची तसबीर आहे. शेवटी जिच्यावर राग, तिच्याचपुढे गुडघे टेकले. तिची नोव्हेना करतात, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. मागणं ऐकलं गेलं तर कुठून तरी गुलाब येतो म्हणतात. तो आपण आणायचा नाही, कुणाकडे मागायचा नाही, आपणहून आला पाहिजे. लूसी बरी असेल तर पाठव, एवढंच मी म्हटलं.

परवाचा शनिवार नववा दिवस होता.

तो गुलाब हातात घेऊन मी खाली बसले आणि मनसोक्त रडले. मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

संध्याकाळी शेजारची यल्लम्मा आली. तिच्या घरी हातमाग आहे, घरात सगळे तेलुगू बोलतात, मला ती अक्का म्हणते. दारातूनच विचारलं, "अक्का, कौल मिळाला का?"

"कसला कौल?"

"तुमीच म्हनला न्हवं, ही बाई फुलावर जाब देती म्हनून. नऊ दिस बगते मी, तसबिरीला एक पाकळी न्हाय. फूलच लावलं न्हाय तर ती कौल देनार कशी? सायबाच्या बंगल्यावरनं आनलं. माळी देईना, दोन खेपा घातल्या. पान्यात भिजवून तिच्या डोक्यावर ठिवलं."

तिच्या देवीला असाच कौल लावतात. ओलं फूल मूर्तीवर ठेवायचं, मनातलं विचारायचं. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार.

म्हणजे गुलाब आला नव्हता, आणला होता. मी तिला नको नको ते बोलले. आमच्यात असलं चालत नाही, माझे नऊ दिवस तू वाया घालवलेस, कुणी सांगितलं होतं तुला... ती सगळं निमूट ऐकून घेत होती. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. उन्हात अनवाणी चालून तळव्यांच्या कडांना फोड आले होते.

मी थांबले. तेव्हा तिने एवढंच विचारलं, "पडलं कुनीकडं?"

"टेबलावर. उजव्या बाजूला."

"तुमच्या उजव्या हाताला का तिच्या? तिची उजवी बाजू धरायची आसती."

दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारी बाई मी. असल्या गोष्टींना हसणारी. पण उठले, टेबलामागे शिरले, तसबिरीखाली भिंतीला पाठ लावून त्या संतिणीसारखी समोर तोंड करून उभी राहिले आणि उजवा हात लांब केला. रिळांचा डबा हाताला लागला. डब्याला एक ओली पाकळी अजून चिकटलेली होती. गुलाब तिथंच सापडला होता मला.

"उजवाच की," यल्लम्मा म्हणाली. "बरी हाय तुमची भन. आता रडू नगा."

मी तिला बसवलं आणि पायांना खोबरेल लावलं. ती लाजून पाय मागे घेत होती, मी सोडले नाहीत.

काल रविवारी फादरना गुलाबाचं सांगितलं. उजवीकडचं नाही सांगितलं...

पत्र अजून आलेलं नाही. आजही पोस्टमन आमच्या दारावरून पुढे गेला. मी आत वळणार, तेवढ्यात लक्षात आलं, शेजारच्या मागाचा आवाज बंद आहे. यल्लम्मा तिच्या उंबऱ्यात उभी राहून त्याच्या पाठमोऱ्या सायकलकडे बघत होती, माझ्यासारखीच.

लूसी, तुझ्या त्या संतिणीवरचा माझा राग गेला गं. आता तू फक्त एक ओळ लिही... तुझ्या अक्षरात.